बायोडिझेल करताना हीटर कसा सांभाळावा

(शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)

या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांमध्ये अलीकडे एक प्रश्न वरचेवर दिसतो. ओढ्याकाठच्या आणि बांधावरच्या करंजाच्या शेंगा गोळा केल्या, बिया फोडून घाण्यावर तेल काढून आणलं. आता त्याचं बायोडिझेल घरीच करावं आणि पाण्याच्या इंजिनाला वापरावं, असा विचार आहे. लोखंडी बॅरलचं संयंत्रही तालुक्याहून जोडून आणलं आहे. त्यात पाणी तापवायचा रॉड सोडला आहे. तर तेल साठ अंशांवर कसं धरून ठेवावं, तेवढं सांगा.

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर मात्र एका ओळीत दिलं तर ते धोक्याचं होईल. ज्या भांड्यात हा रॉड तापतो, त्याच भांड्यात थोड्या वेळानं मिथेनॉल पडणार असतं, आणि मिथेनॉल हे पेट्रोलसारखं झटकन पेटणारं द्रव्य आहे. म्हणून आज मी बायोडिझेलची सगळी कृती सांगणार नाही. तेलाची आम्लता कशी मोजावी, कॉस्टिक सोडा किती ग्रॅम घ्यावा, तयार इंधन कसं धुवावं, या गोष्टी प्रत्यक्ष प्रशिक्षणात, हातानं करून शिकायच्या आहेत. आज बोलायचं ते फक्त उष्णतेबद्दल.

पण त्याआधी दोन गोष्टी. पहिली अशी की मिथेनॉल हे विष आहे आणि त्याची खरेदी व साठवण १९१९ च्या विष कायद्याखालच्या नियमांनी बांधलेली आहे. परवान्याशिवाय ते आणू नये, ठेवू नये. तयार इंधन विकायचं असेल तर त्याचे नियम आणखी वेगळे आहेत. तेव्हा हे काम एकट्यादुकट्यानं न करता गटानं, परवाना घेऊन, प्रशिक्षण घेऊन करावं. दुसरी गोष्ट, हे काम राहत्या घरात, गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ करू नये. घरापासून लांब, चारही बाजूंनी वारा खेळेल अशी नुसत्या पत्र्याची शेड असावी.

तेल तापवायचं कशासाठी?

वनस्पती तेलावर इंजिन चालतं ही गोष्ट नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. अडचण आहे ती तेलाच्या जाडपणाची. करंजाचं तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असतं. ते तसंच वापरलं तर नोझल तुंबतं, पिस्टनच्या रिंगांवर काजळी धरते आणि वंगणाचं तेल बिघडतं. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक यांचं मिश्रण घालून ढवळलं, की तेलातलं ग्लिसरीन सुटं होऊन खाली बसतं आणि वर पातळ इंधन राहतं. तेच बायोडिझेल.

ही क्रिया थंड तेलातही होते, पण फार सावकाश आणि अर्धवट. तेल पंचावन्न ते साठ अंश सेल्सियस असलं की तास-दीड तासात काम चांगलं होतं. मग आणखी तापवलं तर आणखी लवकर होईल का? नाही. कारण मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळतं. म्हणजे ज्या तापमानाला काम चांगलं होतं आणि ज्या तापमानाला धोका सुरू होतो, त्यांच्यात जेमतेम पाच-दहा अंशांचं अंतर आहे. उकळलेलं मिथेनॉल वाफ होऊन बाहेर पडतं. ही वाफ हवेपेक्षा किंचित जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, कोपऱ्यात साठते, आणि एक ठिणगी मिळाली की भडकते.

आणखी एक लक्षात घ्या. मिथेनॉलला पेट घ्यायला उकळावंही लागत नाही. साधारण अकरा-बारा अंशांच्या वर त्याच्या पृष्ठावर पेटण्याजोगी वाफ असतेच. आपल्याकडं थंडीच्या पहाटेचे काही तास सोडले तर बाराही महिने हवा त्याहून गरमच असते. म्हणजे मिथेनॉलचा कॅन उघडला, की ठिणगीला जागा नाही, असंच समजून चालायचं.

तेल पाण्यासारखं बोलत नाही

आपल्या सगळ्यांचा अनुभव पाणी तापवण्याचा आहे. चाळीस लिटर पाण्यात दीड हजार वॅटचा रॉड सोडला तर ते पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर यायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. हा हिशोब आपल्या अंगवळणी पडलेला असतो. तोच हिशोब आपण तेलाला लावतो आणि फसतो. तेलाला तापायला पाण्याच्या निम्म्यापेक्षाही कमी उष्णता लागते. तेच चाळीस लिटर तेल त्याच रॉडनं अर्ध्या तासात साठ अंशांवर जातं. रॉड लावून तुम्ही म्हशी पिळायला गेलात, डेअरीला दूध घालून तासाभरानं आलात, तर तेल नव्वदच्या पुढं गेलेलं असतं.

दुसरं असं की पाणी आपल्याला सांगतं. ते आधी सळसळतं, मग बुडबुडे येतात, मग उकळतं, आणि शंभराच्या वर काही जात नाही. तेल काहीच सांगत नाही. ते साठ अंशांवर जसं दिसतं तसंच शंभरावर दिसतं. धूर दिसू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. रॉडवर १५०० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. दिवसा गावातले सगळे पंप चालू असताना व्होल्टेज १८० वर आला तर हाच रॉड नऊशे वॅटच देतो. रात्री पंप बंद झाले आणि व्होल्टेज २६० वर चढला तर तोच रॉड एकोणीसशे वॅट देतो. म्हणजे दुपटीहून अधिक फरक. तेव्हा ‘मागच्या खेपेला पाऊण तास लागला होता’ या हिशोबावर घड्याळ लावून बसू नका. घड्याळाचा इथं भरवसा नाही, तापमापकाचाच आहे.

आणि चौथी गोष्ट, पाणी तापवायचा रॉड हा पाण्यासाठीच केलेला असतो. पाणी त्याची उष्णता पटकन ओढून घेतं. दाट तेल ती तेवढ्या वेगानं ओढत नाही. मग रॉडचं अंग आतल्या आत फार तापतं, त्यावर जळक्या तेलाची खपली धरते आणि खपलीमुळं तो आणखी तापतो. तापमापक पन्नास दाखवत असला तरी रॉडचं अंग त्याच्या कितीतरी वर असतं. तेलाची पातळी खाली गेली आणि रॉड उघडा पडला तर तो लालभडक होतो. अशा भांड्यात मिथेनॉल घालणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

माझ्याच हातून झालेली चूक

हे सगळं मी पुस्तकातून वाचून सांगतो आहे असं समजू नका. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. एका गावात आम्ही बायोडिझेलचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. बॅरलमध्ये तेल भरलं, रॉड सोडला आणि डिजिटल तापमान-नियंत्रकाची तार मी स्वतः बसवली. ती बसवायला सोपी जागा दिसली ती खाली, तोटीजवळ. रॉड होता त्याच्या वीतभर वर. नियंत्रकावर अठ्ठेचाळीसचा आकडा होता. मी म्हटलं, अजून दहा अंशांची कसर आहे, तोवर मिथेनॉलचं मिश्रण जवळ आणून ठेवू. कॅनचं झाकण सैल केलं.

त्या घरातले वडीलधारे तात्या बाजूला उभे होते. त्यांनी बॅरलच्या वरच्या अंगाला हाताची पालथी बाजू लावली आणि झटकन मागं घेतली. म्हणाले, ‘‘साहेब, हे काय अठ्ठेचाळीस न्हाई. आमच्या बंबालासुदिक एवढी धग नसती.’’

मी म्हटलं, ‘‘तात्या, आकडा तर समोर आहे.’’

‘‘आकडा आसंल. पन हात लावून तर बघा.’’

मी वरून काचेचा तापमापक दोरीनं तेलात सोडला. तो ब्याण्णव दाखवत होता. आम्ही ताबडतोब कॅनचं झाकण घट्ट लावलं, तो उचलून शेडच्या बाहेर नेला आणि वीज बंद केली. ब्याण्णव अंशांच्या तेलात आठ लिटर मिथेनॉल पडलं असतं तर ते पडताक्षणी उसळून वाफ झालं असतं. रॉड चालू होता. शेडमध्ये वीस-बावीस माणसं होती, त्यात चार शाळकरी पोरं.

झालं होतं काय? तापलेलं तेल वर चढतं. रॉडच्या खाली जे तेल असतं ते तसंच गार पडून राहतं. बंबाच्या तळाचं पाणी गार लागतं, तसंच. त्यातून करंजाचं तेल थंडीत आणखी दाट झालेलं, आणि मी ढवळणं सुरू केलेलं नव्हतं. नियंत्रक त्याच्या जागी खरं बोलत होता. तो खालच्या गार तेलाचं तापमान दाखवत होता. चूक नियंत्रकाची नव्हती, माझी होती. तात्यांचे मी त्या दिवशी पाय धरले. तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो तरी दोन गोष्टी पाळतो. आकडा कुठला आहे ते आधी विचारतो, आणि एका आकड्यावर कधी विसंबत नाही.

पाण्याच्या पोटात तेलाचा कॅन

तर मग करायचं काय? त्या दिवसानंतर मी शेतकऱ्यांना एकच रीत सांगतो. तेलात रॉड सोडूच नका. तूप पातळ करायला आपण तांब्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवतो ना? तसंच करायचं.

दोनशे लिटरचं बॅरल घ्या. ते जुनं असेल तर त्यात पूर्वी पेट्रोल, थिनर किंवा मिथेनॉल नव्हतं ना, याची खात्री करा. असल्या बॅरलला गॅस कटर किंवा वेल्डिंग लावलं की आतली उरलेली वाफ फुटून माणूस दगावतो. बॅरलचं वरचं तोंड पूर्ण कापून घ्या, कडा ठोकून बोथट करा. आत विटांवर साठ लिटरचा लोखंडी किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा कॅन ठेवा. अल्युमिनियमचं भांडं चालणार नाही. कॉस्टिक त्याला खातं आणि त्यातून हायड्रोजन हा आणखी एक पेटणारा वायू सुटतो. कॅनमध्ये चाळीस लिटर तेल आणि बाहेर बॅरलमध्ये साधारण ऐंशी लिटर पाणी. कॅन तरंगू किंवा कलंडू नये म्हणून त्याला वरून आडवी पट्टी बांधा. रॉड सोडायचा तो बाहेरच्या पाण्यात. कॅनला तो टेकता कामा नये.

यानं तीन फायदे होतात. रॉड पाण्यात असतो, म्हणजे तो ज्यासाठी केला आहे तिथंच असतो. तेल कधीही पाण्यापेक्षा जास्त तापू शकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऐंशी लिटर गरम पाणी हा उष्णतेचा साठा होतो. रॉड काढून घेतला तरी ते पाणी तेलाला तास-दीड तास ऊब देत राहतं. बॅरलला बाहेरून गोणपाट आणि पेंढ्याचं वेष्टण घातलं तर ऊब आणखी टिकते.

तोटा एकच. वेळ आणि वीज जास्त लागते. दीड हजार वॅटच्या रॉडला सुमारे तीन तास लागतील आणि चार-साडेचार युनिट वीज जाईल. पण हा खर्च जिवापेक्षा मोठा नाही.

ज्यांच्याकडं छपरावर सौरबंब आहे किंवा अंगणात तांब्याचा बंब आहे, त्यांना तर रॉडचीसुद्धा गरज नाही. बंबातलं सत्तर अंशांच्या आतलं पाणी बादल्यांनी आणून बॅरलमध्ये ओता आणि तेल ढवळत राहा. तेल सत्तावन्नवर आलं की थांबा. जास्त वाटलं तर दोन बादल्या गरम पाणी काढून दोन बादल्या गार पाणी घाला. मात्र चुलाणाचा किंवा पेटता बंब शेडपासून निदान शंभर पावलं लांब असावा, आणि मिथेनॉल उघडण्याआधी त्यातला विस्तव पूर्ण विझवावा. माझ्या मते छोट्या गटाला ही रीत सर्वांत निर्धोक.

रॉड वापरणार असाल तर

रॉड वापरणार असाल तर पुढची व्यवस्था परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

पाण्याचा थर्मोस्टॅट अठ्ठावन्न अंशांवर ठेवा. त्याचा बल्ब किंवा तार पाण्यात मध्यावर, रॉडच्या वरच्या बाजूला असावी. रॉडच्या खाली नको आणि रॉडला चिकटूनही नको. पाणी अधूनमधून दांड्यानं ढवळा.

पण एका थर्मोस्टॅटवर थांबू नका. थर्मोस्टॅट किंवा त्याचा रिले बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटतात. म्हणजे तो बंद पडत नाही, उलट चालूच राहतो. घरातल्या गिझरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय वेगळा कटआउट असतो, तो याचसाठी. तसाच दुसरा कटआउट सत्तर अंशांचा बसवा. एकदा तुटला की हातानं बटण दाबल्याशिवाय तो पुन्हा जोडला जाऊ नये, असा घ्या. तो रॉडच्या मुख्य वायरमध्येच घ्यावा, म्हणजे दुसरं काहीही चिकटलं तरी तो स्वतंत्रपणे वीज तोडतो.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डिजिटल नियंत्रकांवर दहा अँपिअर असं छापलेलं असतं. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, तीन हजार वॅटचा तेरा. मोठा रॉड अशा नियंत्रकावर सरळ जोडला तर पॉइंट जळणारच. नियंत्रकानं फक्त स्टार्टरची कॉइल चालवावी आणि रॉडचा भार स्टार्टरनं घ्यावा.

आता एक गोष्ट खास आपल्या गावाकडची. लाईट जाते आणि अवेळी येते. म्हणून विहिरीच्या मोटरला आपण ‘ऑटो’ बसवतो, लाईट आली की मोटर आपोआप चालू. तो ऑटो इथं अजिबात लावू नका. रॉड चालू असताना लाईट गेली, तुम्ही कंटाळून घरी गेलात, कुणी तरी बॅरलचं पाणी सोडून दिलं, आणि रात्री दोन वाजता लाईट आली तर रिकाम्या बॅरलमध्ये रॉड एकटाच तापत बसेल. लाईट गेली की स्टार्टर पडला पाहिजे, आणि पुन्हा माणसानं हिरवं बटण दाबल्यावरच चालू झाला पाहिजे. आणि लाईट गेली की पहिलं काम म्हणजे प्लग काढणं, अशी सवयच लावून घ्या.

बॅरलला अर्थिंग हवं. खड्डा, मीठ-कोळसा आणि ओल, हे मोटरच्या अर्थिंगला जसं करता तसंच. शिवाय तीस मिलिअँपिअरचा ई. एल. सी. बी. बसवा. स्टार्टर, स्विच, बोर्ड हे सगळं शेडच्या बाहेर, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला असावं. कारण बटण दाबताना प्रत्येक खेपेला आत बारीक ठिणगी पडतेच.

बॅरलवर आतून रंगानं एक रेघ मारा. रॉडचा तापणारा भाग त्या रेघेच्या चार बोटं खाली राहिला पाहिजे. पाणी रेघेखाली गेलं की आधी वीज बंद, मग पाणी. विहिरीचं पाणी जड असेल तर रॉडवर क्षार बसतात, ते दर खेपेला थंड रॉडवरून साफ करा.

आधी तापवा, मग मिसळा

बंधूंनो, आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट आता सांगतो. एवढी एक लक्षात राहिली तरी पुरे. रॉड आणि मिथेनॉल एका वेळी एका शेडमध्ये नकोत. आधी तापवणं पूर्ण करायचं, वीज पूर्ण बंद करायची, आणि मगच मिथेनॉलचा कॅन शेडमध्ये आणायचा.

क्रम असा.

१. तेल कोरडं आहे का पाहा. चमचाभर तेल घरच्या चुलीवर छोट्या पळीत तापवा. तडतडलं तर त्यात पाणी आहे. असं तेल गरम करून रात्रभर स्थिर ठेवा आणि तळाचं पाणी तोटीनं काढून टाका. पाणी उडवण्यासाठी तेल शंभराच्या वर तापवायची पद्धत आहे, पण मग ते थंड होण्याची वाट न पाहता मिथेनॉल घालण्याचा मोह होतो. तो धोका नको.

२. तेल ढवळत ढवळत पंचावन्न ते सत्तावन्न अंशांवर आणा. तापमान दोन ठिकाणी, वर आणि तळाशी, काचेच्या तापमापकानं मोजा. दोन्ही आकड्यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर आणखी ढवळा.

३. रॉड बंद करा. प्लग काढा. दहा मिनिटांनी रॉड पाण्यातून बाहेर काढून वायरीसकट शेडच्या बाहेर ठेवा. प्लग नुसता काढून तिथंच लोंबकळत ठेवू नका. कुणी तरी पुन्हा लावतो.

४. तापमान पुन्हा मोजा. साठच्या वर असेल तर थांबा. घाई नको.

५. आता आजूबाजूला पाहा. चूल, बिडी, उदबत्ती, कंदील, वेल्डिंग, ग्राइंडर काही नाही ना? ढवळायला ड्रिल मशीन लावलेलं आहे का? असेल तर काढा. तिच्या कार्बन ब्रशमधून सतत ठिणग्या पडतात. झाकणातून आत गेलेला, हातानं फिरवायचा लोखंडी दांडा घ्या, ताकाच्या रवीसारखा. जिथून दांडा आत जातो तिथं पंपाच्या ग्लँडला भरतो तशी ग्रीस लावलेली दोरी भरा. दोघांनी आळीपाळीनं फिरवलं तर तासाभराचं काम जड जात नाही.

६. कॅनच्या झाकणाला एक उघडा नळ असावा, तो छपराच्या वर उंच नेलेला. कुकरची शिट्टी बंद करून आपण तो चुलीवर ठेवत नाही. तसंच हे भांडं पूर्ण बंद करायचं नाही. वाफेला बाहेर जायला वाट हवी, फक्त ती माणसांपासून आणि विस्तवापासून दूर हवी.

७. मिथेनॉल आणि कॉस्टिकचं मिश्रण झाकणातल्या तोटीच्या नळीतून हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत आत सोडा. झाकण उघडून वरून ओतू नका. थंड मिश्रण पडल्यानं तेल चार-पाच अंशांनी उतरतं, मग भोवतीच्या पाण्याच्या उबेनं पुन्हा पंचावन्नच्या आसपास येतं. म्हणूनच आपल्याला आता रॉडची गरज उरत नाही. तापमान पन्नासवर आलं तरी चिंता नको. अर्धा तास जास्त ढवळा, इतकंच.

हे काम दिवसाउजेडी करा. किमान दोन मोठी माणसं हवीत. लहान मुलं, जनावरं लांब. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी हातमोजे, अंगात सुती कपडे. तळाशी बसलेल्या ग्लिसरीनमध्येही मिथेनॉल आणि कॉस्टिक असतं. ते गोड लागतं म्हणून जनावरांच्या पेंडीत मिसळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

काही बिनसलं तर

मिथेनॉलच्या आगीची ज्योत निळसर असते आणि भर उन्हात ती डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. आग दिसत नाही म्हणून आग नाही, असं समजू नका. हवा थरथरताना दिसली, धग लागली, की मागं सरा. शेडच्या दाराशी कोरड्या पावडरचं अग्निशामक आणि कोरड्या वाळूच्या चार बादल्या आधीपासून हव्यात. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नका, तेल उडून आग पसरते. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर भांडं वाचवायच्या नादी लागू नका, माणसं बाहेर काढा.

मिश्रण अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि दवाखान्यात न्या. म्हणून भरलेला हंडा शेडजवळ नेहमी ठेवा.

आणि मिथेनॉल पोटात गेलं तर? जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. हे विष सुरुवातीला काही दाखवत नाही. डोकं जड होतं, दारू प्यायल्यासारखं वाटतं. अंधारी येणं, दृष्टी जाणं हे कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. म्हणून त्रास होतोय का ते पाहत बसू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि मिथेनॉल पोटात गेलं आहे असं स्पष्ट सांगा. हे द्रव्य पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका. कुलूप लावून ठेवा, आणि वर ‘विष’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.

शेवटी हिशोबाची एक गोष्ट सांगतो. पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन तासाला साधारण एक लिटर इंधन पितं. म्हणजे चाळीस लिटरची एक खेप म्हणजे चाळीसेक तासांचं पाणी. ऐन उन्हाळ्यात चाळीस तासांचं पाणी ही काही थोडी गोष्ट नाही, हे मी जाणतो. पण ते पाणी शेड जाळून, डोळे घालवून मिळवायचं नाही. हातात तापमापक, बाहेर काढून ठेवलेला रॉड आणि थोडा धीर, एवढं असेल तर ते सुखरूप मिळतं.

लक्षात ठेवा

● तेलात रॉड नको. पाण्यात रॉड, पाण्यात तेलाचा कॅन.
● तेल पाण्यापेक्षा निम्म्याहून कमी वेळात तापतं, आणि तापलेलं दिसत नाही.
● तापमान वर आणि तळाशी, दोन ठिकाणी मोजा.
● थर्मोस्टॅट अठ्ठावन्नला, वेगळा कटआउट सत्तरला.
● ऑटो नको. लाईट गेली की प्लग काढा.
● तेल साठच्या खाली, रॉड शेडच्या बाहेर, मगच मिथेनॉल आत.
● भांड्याला वाफेची वाट हवी, ती छपराच्या वर.
● परवाना, प्रशिक्षण आणि दोन माणसं असल्याशिवाय काम सुरू करू नका.